विकासक निवडताना कुठला हिशेब धरायचा? गुणतक्ता, एएचपी, टॉप्सिस आणि प्रोमेथी

पुनर्विकासाची टेंडरं उघडली की पीएमसी, म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रकल्प सल्लागार, तुलनात्मक तक्ता करून देतो. एका बाजूला विकासकांची नावं, दुसऱ्या बाजूला वाढीव कार्पेट, कॉर्पस (सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं, मुदत, बँक गॅरंटी. तक्ता वाचून झाला की सभेत पहिला प्रश्न येतो, "मग यात एक नंबर कोण?" तक्त्यात त्याचं उत्तर नसतं. सर्वात जास्त कार्पेट देणाऱ्याने आजवर एकच इमारत पूर्ण केलेली असते, आणि आठ इमारती उभ्या करणारा टक्केवारीत हात आखडता घेतो. पुढचे दोन तास ज्याचा आवाज मोठा त्याचा निकष मोठा, असं होत जातं.

अनेक निकषांवर पर्याय तोलायच्या गणिती रीती गेली पन्नासएक वर्षं वापरात आहेत आणि आता त्या साध्या एक्सेलमध्ये बसतात. सोसायटीच्या कामाला येतील अशा चार रीती खाली एकाच उदाहरणावर चालवून दाखवल्या आहेत. उदाहरणातले विकासक आणि आकडे नमुन्याचे आहेत. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. चारही रीतींत तुम्ही निकषांना वजन देता, आणि प्रत्येक रीत त्या वजनाचं काहीतरी वेगळं करते. कुठली रीत घ्यायची हे ठरवताना तेवढं समजलं तरी पुरे.

आधी गाळणी, मग गुण

काही अटींची भरपाई दुसऱ्या कशानेही होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीची सूचना आहे. ती द्यायला तयार नसलेल्या विकासकाला "गॅरंटीत शून्य गुण" देऊन तक्त्यात ठेवलं, तर कार्पेटच्या जोरावर तो वर येऊ शकतो. म्हणून अशा अटी हो किंवा नाही एवढ्यावर तपासायच्या आणि नापास झालेला विकासक तक्त्यातच घ्यायचा नाही.

दुसरी दुरुस्ती मापाची. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) च्या व्याख्येतल्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरली जाते, बाल्कनी धरली जात नाही. जुन्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याच्या काळातल्या हिशेबात भिंती वगळल्या जात. विकासकाने तुमचं जुनं घर जुन्या व्याख्येने मोजलं आणि नवं रेराच्या, तर एक फूटही न वाढवता टक्केवारी फुगते. सगळ्यांचे प्रस्ताव एकाच व्याख्येवर आणून घ्या. हे झालं नसेल तर पुढचं सगळं गणित वाया.

तिसरी गोष्ट भाड्याची. एकूण भाडं हा निकष कधीच घालू नका. महिना २५,००० रुपये धरले तर ४० महिने लावणारा १० लाख "देतो" आणि ३२ महिन्यांत घर देणारा ८ लाख. म्हणजे उशीर करणाऱ्याला जास्त गुण! भाडं महिन्याच्या दराने ताडून पाहायचं. दर सारखाच असेल तर तो निकष काढूनच टाकायचा. आपल्या उदाहरणात तो सारखा आहे, म्हणून खाली नाही.

| निकष | अ | ब | क |
|---|---|---|---|
| वाढीव कार्पेट (टक्के) | ४७ | ३५ | ३२ |
| कॉर्पस, दर सभासद (लाख रु.) | ८ | १० | १४ |
| ताब्याची मुदत (महिने) | ४० | ३२ | ३६ |
| भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती | १ | ८ | ५ |

गुणतक्ता

ही सर्वात साधी रीत. प्रत्येक निकषावर ० ते १०० गुण, प्रत्येक निकषाला वजन, गुणाकार करून बेरीज. साधी आहे म्हणून लोक ती घाईत करतात आणि दोन ठिकाणी हमखास फसतात.

पहिलं ठिकाण म्हणजे पट्टी. गुण कशाच्या तुलनेत द्यायचे? बहुतेक जण आलेल्या टेंडरांतलं सर्वात चांगलं १०० आणि सर्वात वाईट ० धरतात. तसं करून पाहू. कार्पेट, कॉर्पस, मुदत, इमारती यांना अनुक्रमे ४०, १५, १५, ३० वजन दिलं, तर ब ला ५८, अ ला ४० आणि क ला ३९.६ गुण मिळतात. आता ड नावाचा चौथा विकासक आला असं समजा. त्याचं कार्पेट २० टक्के आणि बाकी सगळं अ सारखंच, म्हणजे ८ लाख, ४० महिने, एक इमारत. त्याला कोणी निवडणार नाही. पण तो तक्त्यात आल्याबरोबर कार्पेटच्या पट्टीचा तळ ३२ वरून २० वर येतो, क चे कार्पेटचे गुण शून्यावरून ४४ होतात आणि क ची बेरीज ५७.४ वर जाते. अ तिथेच, ४० वर. कोणाच्याही प्रस्तावात एक अक्षर बदललेलं नाही, तरी दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल झाली. वाटाघाटींना दोघांनाच बोलवायचं असेल तर ही अदलाबदल फार महागात पडते, आणि मुद्दाम एखादं पडेल टेंडर भरायला लावून ती घडवूनही आणता येते.

उपाय सोपा आहे. टेंडर उघडायच्या आधीच पट्टी ठरवून टाकायची. आपल्या भागात काय मिळतं ते पाहून कार्पेट २० टक्के म्हणजे ० आणि ५० टक्के म्हणजे १००. कॉर्पस ५ लाखांना ०, १५ लाखांना १००. मुदत ४८ महिन्यांना ०, २८ महिन्यांना १००. इमारती शून्याला ०, दहाला १००. मग अ चे ४७ टक्के म्हणजे (४७ − २०) भागिले ३०, म्हणजे ९० गुण. कितीही ड आले तरी ते ९० च राहतात. या पट्टीवर अ चे गुण ९०, ३०, ४०, १०. ब चे ५०, ५०, ८०, ८०. क चे ४०, ९०, ६०, ५०.

दुसरं ठिकाण वजनाचं, आणि इथे जास्त वेळ द्यायला हवा. "कार्पेट किती महत्त्वाचं?" असा प्रश्न सभेत विचारला की उत्तर येतं, "सगळ्यात महत्त्वाचं, साठ टक्के द्या." ६०, २०, १०, १० अशी वजनं धरली तर अ ला ६५ आणि ब ला ५६. अ जिंकला. पण प्रश्नच चुकीचा होता. नुसतं कार्पेट महत्त्वाचं की नाही याला अर्थ नाही. किती पासून किती पर्यंतचं कार्पेट, हे सांगितल्याशिवाय त्याला वजन देता येत नाही. सगळे ४५ ते ४७ टक्केच देत असतील तर कार्पेटवर भांडायचं कारणच उरत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारा: एक विकासक सगळ्या बाबतींत पट्टीच्या तळाशी आहे. २० टक्के, ५ लाख, ४८ महिने, एकही इमारत पूर्ण नाही. यातली एकच गोष्ट तळातून माथ्यावर नेता आली तर कुठली न्याल? समिती म्हणाली कार्पेट, तर त्याला १००. मग त्याच्या तुलनेत "शून्य इमारतींवरून दहा" ही उडी कितीची? ७५ म्हणाले. कॉर्पस आणि मुदत प्रत्येकी ३७.५. एकूण बेरीज २५०, तिने भागलं की ४०, ३०, १५, १५. वर वापरलेली वजनं इथूनच आली.

या वजनांतला एक भाग रुपयांत तपासता येतो आणि तो तपासावाच. घर ६०० चौरस फूट, भाव १५,००० रुपये फूट. कार्पेटची पट्टी ३० टक्क्यांची, म्हणजे १८० फूट, म्हणजे २७ लाख. कॉर्पसची पट्टी १० लाखांची. २७ ला १०, आणि वजन ४० ला १५: प्रमाण जुळतं. जुळलं नसतं तर समितीने पुन्हा बसायला हवं होतं, कारण कार्पेट आणि कॉर्पस हे दोन्ही शेवटी पैसेच आहेत.

या वजनांनी बेरीज: ब ६३.५, क ५३.५, अ ४९.५.

लगेच दुसरा हिशेब करायचा: कार्पेटचं वजन कितीपर्यंत वाढवलं तर निकाल उलटतो? बाकीची तीन वजनं आपापल्या प्रमाणात कमी करत गेलं तर ५५.६ ला अ आणि ब बरोबरीत येतात. एक्सेलमध्ये गोल सीक (हवं ते उत्तर देणारा आकडा शोधणारं साधन) वापरलं की हा आकडा मिनिटात मिळतो. सभेत सांगायचा आकडा हाच. "ब ला ६३.५ गुण" ऐकून कोणाला काही कळत नाही. "कार्पेट तुम्हाला बाकी सगळ्या गोष्टींच्या बेरजेपेक्षाही बरंच जास्त महत्त्वाचं असेल तरच अ घ्या" हे प्रत्येकाला कळतं.

एक्सेलमधल्या चुका नेहमीच्या असतात. सम-प्रॉडक्टचं (गुण गुणिले वजन यांची बेरीज करणारं) सूत्र खाली ओढताना वजनांच्या रांगेला डॉलरचं चिन्ह लावलं नसेल तर रांग सरकते. पीडीएफमधून चिकटवलेला आकडा मजकूर म्हणून बसला तर सम-प्रॉडक्ट त्याला चुपचाप शून्य धरतं, चूक दाखवत नाही. आकडा रकान्यात डावीकडे चिकटलेला दिसला तर तोच रोग. आणि मुदतीची पट्टी उलटी करायची राहिली की सर्वात उशीर करणारा पहिला येतो.

एएचपी

टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही रीत (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) वजन थेट विचारत नाही. दोन-दोन निकष समोर ठेवून कुठला किती पट महत्त्वाचा ते १ ते ९ च्या पट्टीवर विचारते. १ म्हणजे सारखे, ३ म्हणजे थोडा जास्त, ५ म्हणजे ठळकपणे जास्त, ९ म्हणजे टोकाचा जास्त. उत्तरांचा चौकोनी तक्ता होतो आणि त्यातून वजनं निघतात. सुपर डिसिजन्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीची जिओमीन (भूमितीय सरासरी) काढून तिला सगळ्यांच्या बेरजेने भागलं तरी जवळपास तेच उत्तर येतं.

हिची खरी ताकद विसंगती पकडण्यात आहे. कार्पेट कॉर्पसच्या ३ पट, कॉर्पस मुदतीच्या ३ पट, असं म्हणणाऱ्याने कार्पेट मुदतीच्या ९ पट म्हणायला हवं. तो २ म्हणाला तर विसंगतीचं गुणोत्तर ०.२२ येतं. चालतं ते ०.१० पर्यंत. ५ म्हणाला असता तर ०.०३, ठीक. दमलेला माणूस कुठे उत्तरं फेकू लागला ते अशाने दिसतं, आणि इथली दुसरी कुठलीही रीत हे दाखवत नाही.

पण पट्टीवरचे शब्द फसवे आहेत. "कार्पेट ठळकपणे महत्त्वाचं" म्हणून बाकी तिन्हींपुढे ५ लिहिले आणि ती तिन्ही एकमेकांत सारखी धरली, तर कार्पेटचं वजन पाच अष्टमांश, म्हणजे ६२.५ टक्के होतं. बाकी तिन्ही सारखी धरली की अ आणि ब यांच्या बरोबरीची हद्द ५२ ला येते; ती ओलांडली, अ जिंकला. ५ च्या जागी ३ लिहिले तर वजन ५० टक्के, आणि ब ६० विरुद्ध ५८.३ ने जिंकतो. बोलण्यात "थोडं" आणि "ठळक" यांत फारसं अंतर नसतं. इथे त्यावर विकासक बदलतो. शिवाय जोडीचा प्रश्न विचारताना पट्टी कुठून कुठे हे कोणी सांगतच नाही, त्यामुळे वरची "नुसतं कार्पेट" वाली चूक एएचपीत जन्मतःच येते. टाळायची असेल तर प्रत्येक प्रश्न असा वाचा: "२० वरून ५० टक्के कार्पेट की ५ वरून १५ लाख कॉर्पस, आणि किती पटीने?"

प्रश्नांची संख्याही मोजून घ्या. चार निकषांच्या जोड्या ६. विकासकांचीही तुलना जोड्यांनीच करायची तर पाच विकासकांसाठी प्रत्येक निकषावर १०, एकूण ४६. निकष आठ झाले की १०८. एवढे प्रश्न कोणी मन लावून सोडवत नाही. विकासकांच्या आकड्यांसाठी जोड्या लावायचं काही कारणही नाही, ३५ टक्के हे ३५ टक्केच आहेत. शिवाय मूळ एएचपीत नवा पर्याय आला की जुन्यांचा क्रम उलटू शकतो, हे बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच दाखवलं. वरचा ड चा प्रकार याच कुळातला. म्हणून एएचपी वजनं काढण्यापुरती वापरा आणि गुण ठरलेल्या पट्टीवरूनच द्या.

समितीत सात जण असतील तर उत्तरांची साधी सरासरी करू नका. एक म्हणाला ५ पट, दुसरा म्हणाला एक पंचमांश, तर दोघांचं मिळून "सारखे" व्हायला हवं. साधी सरासरी २.६ देते, भूमितीय सरासरी १.

टॉप्सिस

ह्वांग आणि यून यांची १९८१ ची रीत. प्रत्येक निकषावरचं सर्वोत्तम घेऊन एक काल्पनिक आदर्श विकासक बनवायचा, सर्वात वाईट घेऊन एक उलटा आदर्श बनवायचा, आणि कोण कशाच्या किती जवळ ते मोजायचं. त्याच वजनांनी ब ०.७४, क ०.५१, अ ०.२८. क्रम गुणतक्त्याचाच, पण अंतरं एवढी मोठी की पाहणाऱ्याला वाटावं निकाल पक्का आहे.

ती अंतरं कुठून आली ते पाहा. टॉप्सिस प्रत्येक रांगेला तिच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागते. इमारतींची रांग १, ८, ५. मुदतीची ४०, ३२, ३६. भागून वजन लावल्यावर इमारतींच्या रांगेत सर्वोत्तम आणि सर्वात वाईट यांत ०.२२१ चं अंतर पडतं, मुदतीच्या रांगेत ०.०१९ चं. समितीने इमारतींना मुदतीच्या दुप्पट वजन दिलं होतं, प्रत्यक्षात ते साडेअकरा पट लागू झालं. १, ८, ५ यांसारखे शून्याजवळून सुरू होणारे आकडे या भागाकारात पसरतात, ३२ ते ४० सारखे आकडे आकसतात. तुमच्या वजनात असा न विचारता झालेला बदल सभासदांना समजावून सांगता येत नाही. सत्तर-ऐंशी पर्याय असतील, सगळे आकडे यंत्राने मोजलेले असतील आणि पहिली चाळणी लावायची असेल, तर टॉप्सिस झटपट आणि उपयोगी. चार-पाच विकासकांसाठी ती नको.

प्रोमेथी

ब्रुसेल्सचे ज्याँ-पिएर ब्रान्स यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही रीत वेगळ्या घराण्याची आहे. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकात एलेक्ट्र नावाची रीत काढली, तिच्याच वळणाची. बेरीज करण्याऐवजी ती विकासकांच्या जोड्या लावते आणि प्रत्येक निकषावर दोन उंबरठे विचारते: किती फरकापर्यंत "फरक नाही" म्हणाल, आणि किती फरकानंतर "आता बोलायलाच नको"? उत्तरं लोकांच्या रोजच्या एककांत येतात. दोन महिने पुढेमागे चालतात, सहा महिने म्हणजे फार. कार्पेटला २ आणि १० टक्के, कॉर्पसला १ आणि ५ लाख, मुदतीला २ आणि ६ महिने, इमारतींना १ आणि ५. ज्यांना वजन म्हणजे काय हे सांगून कळत नाही, त्यांनाही हे उंबरठे बरोबर सांगता येतात.

मग प्रत्येक विकासकाचे दोन आकडे निघतात: तो इतरांवर सरासरी किती भारी पडतो, आणि इतर त्याच्यावर किती. अ ४० टक्के भारी पडतो आणि ४७ टक्के मार खातो. ब ३८ आणि २६. क २८ आणि ३४. वजाबाकी केली तर ब अधिक १२.५, क उणे ५.६, अ उणे ६.९, क्रम तोच. पण वजाबाकी करण्याआधी थांबा, कारण या रीतीची किंमत तिथे आहे. भारी पडण्यात अ ब च्या पुढे आहे, मार खाण्यातही पुढे. अशा जोडीला प्रोमेथीचा पहिला टप्पा "तुलना होत नाही" असं लिहितो. गुणतक्त्यात अ हा ४९.५ गुणांचा सामान्य विकासक दिसत होता. इथे तो एका बाबतीत फार उजवा आणि बाकी सगळ्यांत डावा, असा जसा आहे तसा दिसतो. ब आणि क मध्ये असा गुंता नाही, ब दोन्ही आकड्यांत सरस.

अडचणी दोन. पाच विकासक आणि चार निकष असले तर ८० रकाने भरावे लागतात, एक्सेलमध्ये ते चुकतात. त्यासाठी व्हिज्युअल प्रोमेथी नावाचं सॉफ्टवेअर आहे, शैक्षणिक वापराला मोफत. आणि दुसरी, एखादा विकासक वाढला की हे आकडेही हलतात.

कोणी काय घ्यावं

| रीत | अ | ब | क |
|---|---|---|---|
| ठरलेल्या पट्टीचा गुणतक्ता | ४९.५ | ६३.५ | ५३.५ |
| एएचपीची वजनं ("ठळक", ५) | ६६.३ | ५७.५ | ५० |
| टॉप्सिस | ०.२८ | ०.७४ | ०.५१ |
| प्रोमेथी, निव्वळ | −६.९ | +१२.५ | −५.६ |

सोसायटीसाठी ठरलेल्या पट्टीचा गुणतक्ता घ्या. निवृत्त बँक कर्मचारी असलेला सभासद तो घरी कॅल्क्युलेटरवर पडताळू शकतो, आणि सभेत विश्वास त्यानेच बसतो. समितीत वजनांवरून दोन तट पडले असतील तर एएचपीचे सहा प्रश्न पट्टीसकट विचारा, म्हणजे मतभेद नेमका कुठल्या जोडीवर आहे ते कळेल. पहिल्या दोघांत पाचएक गुणांहून कमी अंतर असेल, किंवा कोणी एकाच निकषावर उड्या मारत असेल, तर त्या दोघा-तिघांपुरती प्रोमेथी चालवा.

पट्ट्या, वजनं आणि गाळणीच्या अटी टेंडर उघडण्याआधीच्या सभेत मंजूर करून इतिवृत्तात आकड्यांसकट लिहा. पाकिटं उघडल्यावर ठरवलेली वजनं कोणाच्या तरी सोयीची असतात, आणि नसली तरी तशीच दिसतात. विकासकाची निवड मात्र विशेष सर्वसाधारण सभेतल्या मतदानानेच होते. २०१९ च्या त्याच शासन निर्णयानुसार त्याला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के लागतात. तक्ता त्या मतदाराच्या हातात द्यायचा कागद आहे.

हाच कागद वाटाघाटींत उलट्या दिशेने वाचता येतो. आपल्या पट्टीवर कार्पेटचा एक टक्का म्हणजे १.३३ गुण, कॉर्पसचा एक लाख म्हणजे १.५. क ला ब ची बरोबरी करायला १० गुण हवेत, म्हणजे ३२ ऐवजी ३९.५ टक्के कार्पेट द्यावं लागेल. अ ला १४ गुण हवेत, म्हणजे ५७.५ टक्के, जे पट्टीच्याही बाहेर आहे. तेव्हा दुसऱ्या फेरीला ब आणि क ला बोलवायचं, आणि क समोर ठेवायचा आकडा ३९.५.